फुंकणीचा खुलासा

वर्तमानपत्रात खुलासा छापण्याचे तीन नियम असतात. मूळ बातमी ज्या पानावर आली त्याच पानावर खुलासा घ्यायचा. त्यातला मजकूर कापायचा नाही, फक्त भाषा नीट करायची. आणि खुलाशावर पुन्हा खुलासा छापायचा नाही, कारण मग दोन पक्षांचं भांडण रोज वाचकाच्या माथी बसतं. अमरावतीच्या जिल्हा आवृत्तीत नोकरी केली तेवढी वर्षं मी हे तिन्ही नियम पाळले. त्यातले दुसरा आणि तिसरा पाळल्यामुळे भास्कर तायडे नावाच्या माणसाला ‘निष्काळजी’ हा शब्द चिकटला आणि तो अजून निघालेला नाही. तो कसा चिकटला आणि कोणाच्या कामी आला, एवढंच इथे सांगायचं आहे.

जिल्ह्याच्या बातमीदाराला कंपन्यांचं काम कोणी सांगत नाही. त्याच्याकडे जिल्हा परिषद, बाजार समिती, पोलीस, दवाखाना आणि मंत्र्यांचे दौरे. कंपनी पेपरात येते ती रक्तदान शिबिराच्या फोटोतून. मला मात्र एक खोड होती. जिल्ह्यात ज्या मोठ्या कंपनीचा कारखाना असेल, तिचा एक शेअर मी विकत घेत असे, एकच. कार्यालयात तसं लेखी कळवलेलं होतं आणि त्यावरून भरपूर थट्टाही व्हायची. आवृत्तीप्रमुख मला ‘शेठ’ म्हणत. पण एका शेअरचा धनी झालं की कंपनीचा वार्षिक अहवाल हक्काने मिळतो आणि भागधारकांच्या सभेत प्रश्न विचारता येतो.

हा अहवाल मागून वाचायचा असतो. पुढच्या पानांवर अध्यक्षांचं हसू, हिरवी झाडं, शाळेच्या गणवेशातल्या मुली. मागे, बारीक टायपात, परिशिष्टं. त्यातल्या एका परिशिष्टात शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला एक तक्ता द्यावाच लागतो: संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या कितीपट आहे. मधला म्हणजे सरासरी नव्हे. सगळ्या कर्मचाऱ्यांना पगाराप्रमाणे शाळेतल्या प्रार्थनेसारखं रांगेत उभं केलं, तर बरोबर मध्ये जो येईल तो. त्याला वर्षाकाठी एक रुपया मिळत असेल तर साहेबाला किती, हे त्या तक्त्यात असतं. पत्रकारितेतल्या नवशिक्यांना मी हे पान आधी उघडायला सांगत असे. बहुतेकांना ते सापडत नसे.

आता मेथी.

कार्यालयात तक्रार घेऊन येणारे लोक निवेदन आणतात. वलगावकडच्या मळ्यातल्या कमलाबाई मेहरे यांनी मेथीची जुडी आणली. माझ्या टेबलावर, मी ज्यावरून टाइप करत होतो थेट त्या कागदांवर ठेवली.

“घ्या, हुंगा.”

मी वास घेतला. मेथीचा होता, तसं सांगितलं.

“नाक हाये का नाई तुमाले? बुडाशी हुंगा.”

मुळांशी खरंच दुसरा वास होता. कुजलेल्या अंड्यासारखा.

“नाल्याच्या काठाले आमची इहीर हाये,” त्या म्हणाल्या. “दोन वर्सापासून पानी असं येऊन राह्यलं. झेंडू होत नाई, होते त्याची कळी गळते. मेथी बाजारात नेली त बाई म्हने, कमले, तुही मेथी गटारातून आली काय? साऱ्याईच्या समोर म्हने. मी तिले काय सांगू, कारखान्यातून आली?”

कारखाना त्यांच्या मळ्याच्या वरच्या बाजूला, कापड रंगवण्याचा. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत. नाव इथे नाही, त्याचं कारण शेवटी येईल.

तीन दिवस मी नाल्याच्या काठाने फिरलो. सकाळी पाणी बरं, दुपारनंतर काळं, वर फेस. तपासणीचे सरकारी अधिकारी येऊन गेले होते, तेही सकाळी. कागद स्वच्छ होता. चौथ्या दिवशी कारखान्यासमोरच्या टपरीवर सांडपाणी केंद्राचा ऑपरेटर भेटला. भास्कर तायडे, राहणार मूळ बार्शीटाकळी, आयटीआय झालेला, त्या केंद्रावर सुरुवातीपासून. तो बोलायला तयार होता. एकच अट, नाव यायला नको.

“पाण्यात जीव असतेत सर,” त्याने सांगितलं. “डोळ्याले दिसत नाईत, लहान लहान. कपड्याची घान थे खातेत. पन त्याईले हवा लागते. टाकीच्या खालून फुंकणी चालू असली का थे जगतेत. सहा घंटे बंद ठेवली का मरतेत. मंग खाणारेच सडतेत.”

“फुंकणी म्हणजे?”

“ब्लोअर हो. चुलीले नाई का मारत फुंकणी, तशी. प्लान्टमंधी सारे ब्लोअर म्हनतेत, मी फुंकणी म्हनतो. कारखान्याचे मोठे साहेब बी हासतेत मले, म्हनतेत, तायडे, चाय उबली क्या?”

हे वाक्य माझ्या वहीत जसंच्या तसं आहे. पुढे जे झालं ते समजायला ते लक्षात ठेवलं पाहिजे.

“मग बंद कोण करतं?”

“मीच करतो. सांगतलं का करतो. दुपारपासून शिफ्ट सुटेपर्यंत बंद.”

“काहून?” मीही त्याच्याच बोलीवर आलो होतो.

“लाइटीचं बिल. साऱ्या प्लान्टमंधी पानी साफ कराले जेवढी लाइट लागते, त्यात आर्ध्याच्या वर एकटी फुंकणी खाते. अन् मोठ्या साहेबाले टार्गेट हाये, एका मीटर कापडामागं खर्च इतका कमी आना. आनला का त्याईले इनाम भेटते. न बोलनारं एकच मशीन हाये सर, बंद केलं त कापड थांबत नाई.”

दुसऱ्या दिवशी त्याने मला रजिस्टर दाखवलं. प्रत्येक पाळीत ब्लोअर किती वाजता चालू, किती वाजता बंद, खाली सही. बंदच्या प्रत्येक नोंदीपुढे त्याने दोन शब्द लिहिले होते: ‘आदेशानुसार बंद’. त्याला असं लिहायला कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी थांबवलंही नव्हतं, कारण ते रजिस्टर कोणी वाचतच नव्हतं.

घरी जाऊन मी अहवाल पुन्हा काढला. प्रबंध संचालकांच्या पगाराचे दोन भाग होते, ठरलेला आणि कामगिरीवरचा. कामगिरीवरचा भाग मोठा. तो नफ्याला बांधलेला. हेच उद्दिष्ट तुकडे करून खाली वाटलेलं असतं: संचालकाचा नफा, कारखानाप्रमुखाचा मीटरमागचा खर्च, आणि सगळ्यात खाली तायडेच्या हातातलं बटण. वरच्या माणसाला बटण कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. त्याचा पगार जितका मोठा आणि जितका नफ्याला टांगलेला, तितका खालचा प्रत्येक जण बंद करता येण्यासारखं काहीतरी शोधत राहतो. भिंतीबाहेर जे वाहून जातं त्याचा खर्च कंपनीच्या कोणत्याही खात्यावर पडत नाही. तो कमलाबाईंच्या विहिरीत पडतो.

आणि तो पटीचा आकडा? आधीच्या वर्षापेक्षा उतरला होता. पुढच्या गुळगुळीत पानावर त्याचं कौतुकही होतं, ‘वेतनातील तफावत कमी करण्यात यश’. कोणाचा पगार कमी झाला होता का? नाही. त्या वर्षी बॉयलर, सफाई, फाटक आणि सांडपाणी केंद्र ही कामं ठेकेदाराकडे दिली गेली होती. तायडेसारखे सगळ्यात कमी पगाराचे लोक कंपनीच्या यादीतून निघून ठेकेदाराच्या यादीत गेले. रांगेचं खालचं टोक कापलं की मधला माणूस आपोआप वर सरकतो. काम तेच, बटण तेच, माणूस तोच. रांगेत मात्र तो नाही.

हे मी कमलाबाईंना मळ्यात बसून समजावून सांगितलं. त्यांनी पेंढ्या बांधता बांधता ऐकलं.

“म्हंजे त्या साहेबाले जो पगार भेटते,” त्या म्हणाल्या, “थो पानी साफ ठेवाचा भेटते का पानी घान कराचा?”

“कापडाचा मिळतो,” मी म्हणालो.

“मंग घान त फुकटातच करून राह्यला म्हना. मले वाटलं त्याचे येगळे लागत असन.”

अहवालात याहून नेमकी ओळ मला सापडली नव्हती.

आता माझी चूक. आमच्या आवृत्तीत एक रीत होती, वऱ्हाडी माणूस बोलला तरी पेपरात तो प्रमाण मराठीत बोलायचा. ‘मले’चं ‘मला’ करायचं, ‘करून राह्यलो’चं ‘करत आहे’ करायचं. आवृत्तीप्रमुख म्हणत, नाहीतर पुण्याचे वाचक हसतात. मला ही रीत खोटी वाटे. माणसाने जे म्हटलं ते तसंच छापावं, असा माझा आग्रह असे आणि त्याचा मला अभिमानही होता. रजिस्टरचा फोटो मी छापला नाही, अक्षर ओळखू आलं असतं. ऑपरेटरही म्हटलं नाही, ‘केंद्राची माहिती असलेली व्यक्ती’ असं लिहिलं. इतकी काळजी घेतली आणि अवतरण जसंच्या तसं ठेवलं: “फुंकणी बंद केली का जीव मरतेत.” शब्द इतका चांगला होता की तोच मथळ्यात घेतला. ‘फुंकणी बंद, नाला काळा’.

बातमी आली त्या दिवशी सकाळी अकरा वाजता कारखानाप्रमुखांचा फोन आला. आवाज गोड होता.

“आप लोग भी ना, छोटी जगह में बड़ी न्यूज़ ढूँढते हो.”

मी त्यांचं म्हणणं लिहून घ्यायला तयार आहे, असं सांगितलं.

“नहीं नहीं, कहना कुछ नहीं. बस थँक यू बोलना था. वो फुँकनी के लिए.”

फोन ठेवला. ते काय म्हणाले हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं दुपारी, तायडे कार्यालयाच्या खाली उभा असलेला दिसला तेव्हा. फाटकावरच त्याचा पास काढून घेतला होता.

“सर, ब्लोअर लिवलं असतं त प्लान्टमंधी चाळीस जन होते,” तो म्हणाला. “फुंकणी म्हननारा मी एकटाच.”

रागावला नव्हता. मोटारीत बिघाड कुठे आहे ते दाखवावं तसं त्याने दाखवलं.

जी रीत मला खोटी वाटत होती ती त्या दिवशी पाळली असती, तर ‘ब्लोअर बंद ठेवला जातो, असे सांगण्यात आले’ असं एक मेलेलं वाक्य छापून आलं असतं आणि एका माणसाची नोकरी राहिली असती. हे मी पुढे कोणत्याही नवशिक्याला शिकवलं नाही. शिकवायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा खुलासा आला. इंग्रजीवरून केलेल्या अवघड मराठीत. त्यात एक ओळ अशी होती: ‘सदर घटना कंत्राटदाराकडील संबंधित मानवी घटक श्री. भास्कर तायडे यांच्याकडून कार्यपद्धतीचे यथायोग्य अनुपालन न झाल्याने उद्भवली असून त्यांना सेवेतून मुक्त करण्यात आले आहे.’ मी आवृत्तीप्रमुखांना सांगितलं की हे खोटं आहे, रजिस्टर मी पाहिलं आहे, आता त्याचं नाव त्यांनीच फोडलं आहे, तेव्हा नोंदी छापू.

“रजिस्टर आहे तुझ्याकडे?”

“वहीत नोंदी उतरवून घेतल्या आहेत. रजिस्टर कंपनीकडे.”

“मग ते देतील का? शेठ, खुलासा आधी घे. नियम आहे.”

नियम होता. मजकूर कापता येत नव्हता, भाषा सुधारता येत होती. माझ्यासमोर तो कागद आला आणि हाताला सवय होती तसं मी काम केलं. ‘संबंधित मानवी घटकाकडून यथायोग्य अनुपालन न झाल्याने’ हे कोणाला कळणार? मी सरळ मराठी केली. मथळा दिला, ‘कंत्राटी ऑपरेटरचा निष्काळजीपणा, कंपनीचा खुलासा’. चार कॉलमच्या मापात बरोबर बसला. कंपनीने आपल्या मजकुरात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द वापरला नव्हता. तो माझा आहे.

आठवड्याने मी पुन्हा रजिस्टरच्या नोंदी घेऊन गेलो. आवृत्तीप्रमुखांनी तिसरा नियम सांगितला. खुलाशावर खुलासा छापत नाही. विषय संपला.

विषय कारखान्यात मात्र चालू होता. तायडेच्या जागी दुसरा माणूस आला. त्याच्या रजिस्टरात ‘आदेशानुसार’ हा शब्द नसतो, असं मला कळलं. नाल्याला काही महिने बरं पाणी आलं, मग पुन्हा दुपारचं काळं. कारखानाप्रमुख बढती घेऊन दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या कारखान्यावर गेले. निरोप समारंभाचं निमंत्रण आमच्याकडेही आलं होतं, फोटोसाठी.

पुढच्या वर्षीचा अहवाल मी मागून उघडला. प्रबंध संचालकांच्या कामगिरीच्या अटींत आता पर्यावरण आलं होतं. नवी अट अशी, की वर्षभरात व्यवस्थापनाच्या दोषाने पर्यावरणाची एकही गंभीर घटना घडू नये. अट पूर्ण झाल्याचा शेरा होता. अमरावतीची घटना ‘कंत्राटदाराकडील व्यक्तीचा दोष’ या सदरात गेल्यामुळे मोजली गेली नव्हती. म्हणजे नाला घाण करून वाचवलेल्या विजेवर एकदा बक्षीस मिळालं, आणि तो दोष तायडेच्या नावावर टाकून स्वच्छतेचं दुसऱ्यांदा मिळालं. पटीचा आकडा आणखी थोडा खाली आला होता. तफावत कमी करण्यात पुन्हा यश.

मी बातमीदारीत बरंच पाहिलं आहे. चोरी केल्याबद्दल चोराला बक्षीस, आणि चोरी झाली नाही म्हणून त्यालाच दुसरं बक्षीस, हे छापील, सही-शिक्क्याचं, लेखापरीक्षकांनी तपासलेलं असं एकदाच पाहिलं.

एका शेअरचा हक्क होता, तो वापरला. सभा आता संगणकावर होतात. नाव नोंदवलं, तासभर नंबराची वाट पाहिली. नंबर आल्यावर मराठीत सुरुवात केली तर निवेदिकेने मध्येच हिंदी किंवा इंग्रजीत बोलायला सांगितलं. हिंदीत विचारलं, सांडपाणी केंद्र चालवणारा माणूस तुमच्या वेतनाच्या तक्त्यात मोजला जातो का?

पडद्यावर अध्यक्षांचं मंद हसू आलं. “देखिए, कॉन्ट्रॅक्ट वर्कर्स भी हमारा परिवार हैं. लेकिन नियम के हिसाब से वो टेबल में नहीं आते.”

“तो फिर दोष में कैसे आते हैं?” मी विचारलं.

माझा माइक बंद झालेला होता. तो कधी बंद झाला मला कळलं नाही. पुढच्या भागधारकाने लाभांशाबद्दल आभार मानले.

निवृत्तीनंतर मी अकोल्याला जठारपेठेत राहायला आलो. बार्शीटाकळी इथून जवळ. तरी जायला मी दोन वर्षं लावली. तायडेचं बसस्टँडजवळ मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तांब्याच्या तारेची गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता. मला पाहून उठला, खुर्ची पुसली, चहा सांगितला.

केंद्र चालवण्याचं काम पुन्हा कुठे मिळालं नाही, असं तो म्हणाला. अकोल्यात दोन ठिकाणी, बुलडाण्यात एका ठिकाणी बोलावलं होतं. तिन्ही वेळा समोरच्याने मोबाइल काढून कात्रण दाखवलं. ठेकेदारांच्या व्हॉट्सअॅपवर ते फिरत होतं. कंपनीचं पत्र नव्हे, आमच्या पेपरचं कात्रण. माझ्या मथळ्यासकट.

“आठ वर्सं थे टाकी चालवली सर मी. जीव जगवले,” तो म्हणाला. “हे दुकान बरं हाये, पोट भरते. पन मोटारीत जीव नसते.”

तो शब्द माझा होता, कंपनीचा नव्हता, हे मी त्याला तेव्हा सांगितलं. तोपर्यंत त्याला ते माहीत नव्हतं. त्याने हातातली तार खाली ठेवली.

“फुंकणी शब्द माहा होता,” तो म्हणाला. “थो तुमी माहा म्हून छापला. निष्काळजी शब्द तुमचा होता. थो बी माह्याच नावावर छापला. वा जी वा.”

चहा आला. मी विचारलं, दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं आहे, हे लिहिलं तर चालेल का? नाव बदलू का?

“बदलू नोका. पूरं टाका. त्या टाइमाले टाकलं होतं ना पूरं? तसंच.”

लेख तसाच लिहिला. अंकाच्या संपादकांनी तो वकिलांना दाखवला. वकिलांनी तायडेच्या नावाला हरकत घेतली नाही, कंपनीच्या नावाला घेतली. म्हणून त्याचं नाव पुरं आहे आणि त्यांचं अजिबात नाही. या लेखातही वरच्या-खालच्यातली पट तीच राहिली. मागच्या पानावर जाहिरात कोणाची आहे, हे मला अंक हातात आल्यावर कळेल.

तिसरा नियम मोडून, कात्रण काढता येईल अशा मापात, खालचा मजकूर देत आहे. ज्या ठेकेदारांकडे जुनं कात्रण आहे त्यांनी हेही ठेवावं.

खुलासा. अमरावतीजवळील एका कापड कारखान्याच्या सांडपाण्यासंबंधी आमच्या तत्कालीन आवृत्तीत ‘कंत्राटी ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ या मथळ्याचा मजकूर प्रसिद्ध झाला होता. मथळ्यातील शब्द प्रस्तुत बातमीदाराचा होता आणि तो चुकीचा होता. श्री. भास्कर तायडे, रा. बार्शीटाकळी, यांनी फुंकणी स्वतःहून कधीही बंद केली नाही. ज्या ज्या वेळी बंद करावी लागली, त्या त्या वेळी त्यांनी तसे लिहून ठेवले. त्या नोंदी प्रस्तुत बातमीदाराने पाहिल्या आहेत.